हाती असलेले सामर्थ्य : ‘अर्थसी’ वाचणाऱ्या एका तरुण वाचकास पत्र

प्रिय चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतले पहिले पुस्तक तू वाचून संपवलेस आणि मनात आले ते आडपडदा न ठेवता लिहिलेस, याचा मला फार आनंद झाला. तुझी तक्रार अशी की, या पुस्तकात लढाया जवळजवळ नाहीत, सैन्ये नाहीत, जिंकायला एखादे राज्य नाही. नायक अर्धे पुस्तक जीव घेऊन पळतो, उरलेले अर्धे एका सावलीच्या मागे होडी हाकतो, आणि ज्या क्षणाची वाचकाने एवढी वाट पाहिली तो क्षण एका शब्दात उरकतो. असे असताना पन्नासहून अधिक वर्षे लोक या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा का वळतात आणि पुढची पाच पुस्तके आपण वाचावीत का, असे तू विचारले आहेस.

पुढची पुस्तके जरूर वाचावीस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबेल, कारण तुला जे उणे वाटले तेच मला या मालिकेचे सर्वांत मोठे बळ वाटते. आपण लहानपणापासून ज्या अद्भुतकथा वाचतो त्यांतल्या बहुतेकांत नायकाला सामर्थ्य मिळण्याची ओढ असते आणि ते मिळाले की गोष्ट शिखराला पोहोचते. अर्थसीत सामर्थ्य पहिल्या काही पानांतच मिळून जाते. त्यापुढची सारी गोष्ट ते सामर्थ्य हाती असताना कधी आवरायचे, कशासाठी खर्चायचे आणि कधी सोडून द्यायचे याची आहे. आणि ज्या कारणाने मी ही मालिका इतर अनेक मालिकांच्या वर मानतो ते कारण असे की, लेखिकेने हा प्रश्न केवळ आपल्या पात्रांना विचारला नाही. तिने तो स्वतःच्या लेखनालाही विचारला, आणि त्यासाठी ती अनेक वर्षांनी आपल्याच जगात परत गेली.

पुस्तक कसे जन्मले हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक उपयोगी खूण आहे. 1964 साली ल ग्विन यांनी अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहात घडणाऱ्या दोन लघुकथा मासिकात प्रसिद्ध केल्या होत्या. पुढे बर्कली येथील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी मागितली. ल ग्विन विचार करू लागल्या तेव्हा त्यांना जाणवले की, मर्लिन काय किंवा गॅन्डाल्फ काय, गोष्टींतले जादूगार पांढऱ्या दाढीचे वृद्धच असतात. मग ते पंधरा-सोळा वर्षांचे असताना कसे असतील, आणि एवढी भयंकर कला ते कुठे आणि कशी शिकले असतील? या प्रश्नातून 1968 साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आले. जादूगारांच्या शाळेची कल्पना आज सर्वांच्या ओळखीची झाली आहे, त्यामुळे त्या प्रश्नातले नावीन्य तुला जाणवले नसेल. पण तो प्रश्न नीट पाहा. वृद्ध जादूगाराकडे शहाणपण गृहीत धरलेले असते. तरुण जादूगाराकडे सामर्थ्य असते आणि शहाणपण यायचे असते, आणि या दोहोंमधल्या अंतरात पहिले पुस्तक घडते.

तू ज्या पानांवरून भरभर पुढे गेला असशील अशी मला शंका आहे, त्या पानांकडे तुला परत नेतो. पुस्तकाचा नायक गेड हा गाँट बेटावरचा मुलगा. तो ओगियन या मांत्रिकाचा शिष्य होतो आणि गुरूबरोबर डोंगरातून चालू लागतो. ओगियन फारसा बोलत नाही. मंत्र शिकवत नाही. पाऊस येतो. गावोगावचे साधे हवामान-मांत्रिकही ढग आपल्या डोक्यावरून दुसरीकडे लोटतात, ढग मांत्रिका-मांत्रिकांमध्ये टोलवले जातात, असे त्या जगात सर्रास चालते. ओगियन मात्र पावसाला पडू देतो आणि एका दाट झाडाखाली जाऊन निजतो. भिजलेला गेड झुडपात कुडकुडत बसून मनात म्हणतो की, वापरायचेच नसेल तर असले सामर्थ्य काय कामाचे. गंमत पाहा, याच ओगियनविषयी पुस्तकात आधी सांगितलेले असते की, गाँटचा भूकंप त्याने शांत केला. भूकंप थोपवणारा माणूस स्वतः कोरडा राहण्यासाठी पाऊस थोपवत नाही. लेखिका यावर एका ओळीचेही भाष्य करत नाही. दोन्ही गोष्टी तुझ्यापुढे ठेवते आणि पुढे जाते. तिची पद्धतच अशी आहे, आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून म्हणूनच या पुस्तकाचा निम्मा भाग निसटतो.

रोक बेटावरच्या मांत्रिकांच्या शाळेत हाच धडा तत्त्व म्हणून येतो. या जगात प्रत्येक गोष्टीला एक खरे नाव असते आणि ते जाणणाऱ्याची त्या गोष्टीवर सत्ता चालते. खड्याचा हिरा झालेला भासवणे सोपे आहे. तो खरोखर हिरा करायचा तर त्याचे खरे नाव बदलावे लागते, आणि एवढासा खडा बदलला तरी जग बदलते. एक गुरू शिष्यांना बजावतो की, इथे पाडलेला पाऊस दुसऱ्या एखाद्या बेटाचा दुष्काळ ठरू शकतो. या जगाची जादू समतोलावर उभी आहे. कुठलीही कृती एकटी नसते. ल ग्विन यांना प्राचीन चिनी ताओ विचाराची आयुष्यभर ओढ होती, पुढे 1997 मध्ये त्यांनी ‘ताओ ते चिंग’ या त्याच्या मूळ ग्रंथाची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही केली, आणि न करण्यातही कर्म असते हा त्या विचारातला गाभा या मालिकेच्या हाडामांसात मुरला आहे. तरीही रोकवरचे धडे मला ओगियनच्या पावसाएवढे प्रभावी वाटत नाहीत. गुरूने सांगितलेले गेड ऐकतो, पण त्याच्या आत ते उतरत नाही. जॅस्पर या सहाध्यायाच्या टोमण्याने चिडून तो मृताच्या आत्म्याला हाक मारतो, त्या हाकेने पडलेल्या फटीतून सावली जगात येते, आणि ती फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख नेमर्ल प्राण गमावतात. एका मुलाच्या अहंकाराची किंमत दुसऱ्याने दिली, आणि ती परत करण्याचा कोणताही मार्ग पुस्तक गेडला देत नाही.

आता ड्रॅगनचा प्रसंग घे, कारण तुझ्या तक्रारीचे खरे उत्तर तिथे आहे. दुसऱ्या कुणा लेखकाने पेन्डॉर बेटावरच्या ड्रॅगनला कादंबरीच्या शेवटी ठेवले असते. ल ग्विन तो मध्यावर उरकून टाकतात. गेड जुन्या कथांच्या अभ्यासावरून त्या महाड्रॅगनचे नाव ताडतो, ते उच्चारतो आणि ड्रॅगन त्याच्या मुठीत येतो. तेव्हा ड्रॅगन त्याला मोह घालतो : तुझ्या मागावर असलेल्या सावलीचे नाव मी सांगतो. गेडला या नावाची गरज प्राणांइतकी आहे. ते मिळाले तर तो वाचेल. पण तो या बेटांवर ज्या कोळ्यांचे रक्षण करण्यासाठी आला आहे त्यांच्यासाठी तो वेगळीच मागणी करतो, की ड्रॅगनने आणि त्याच्या पिलांनी पुन्हा कधी द्वीपसमूहाकडे फिरकू नये. हाती असलेली एकमेव संधी तो स्वतःवर खर्च करत नाही. ड्रॅगनला नमवणे हा त्या प्रकरणातला पराक्रम नव्हे. तो नकार हा पराक्रम आहे. आणि लक्षात घे, काही दिवसांपूर्वीच होड्या बांधणाऱ्या एका मित्राच्या मरणाऱ्या मुलाला परत आणण्यासाठी मृत्यूच्या सीमेपलीकडे जाऊन हाच गेड जवळजवळ संपला होता. मर्यादा ओलांडणे म्हणजे काय हे त्याला तेव्हा अंगावर कळले, म्हणून तो इथे थांबू शकतो.

आणखी एक प्रसंग. शाळा पूर्ण केलेल्या मांत्रिकाला बाहेर पडताना द्वारपालाचे नाव शोधून काढावे लागते. गेड रात्रभर विचार करतो. बळाने ते मिळणार नाही, युक्तीने मिळणार नाही. सकाळी तो द्वारपालाला सरळ विचारतो, आणि द्वारपाल हसून सांगतो. शाळेची शेवटची परीक्षा नम्रपणे विचारता येते का, एवढीच असावी, ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते. तू शेवटाविषयी जे लिहिलेस ते या प्रसंगाच्या शेजारी ठेवून पाहा. ओगियन गेडला सांगतो की, पळणे थांबव, उलटा फिर आणि जे तुझी शिकार करते आहे त्याची तू शिकार कर. तो फिरतो त्या क्षणी खरे तर लढाई निकालात निघालेली असते. वेच या मित्राला सोबत घेऊन पूर्वेच्या शेवटच्या बेटापलीकडे केलेला प्रवास हा त्या निकालापर्यंत चालत जाण्याचा प्रवास आहे. सावलीला गेड स्वतःचेच नाव देतो. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, असे वेचला दिसते. तिथे तलवारींचा खणखणाट घातला असता तर आधीची सारी पाने खोटी पडली असती.

पहिले पुस्तक सोडण्याआधी त्या वाळूच्या दांड्यावरच्या म्हातारा-म्हातारीची आठवण करून देतो. होडी फुटून गेड एका ओसाड बेटावर जातो. तिथे लहानपणी टाकून दिलेले बहीण-भाऊ म्हातारे झालेले असतात, त्यांची भाषा गेडला कळत नाही, आणि ती म्हातारी त्याला जपून ठेवलेला मोत्यांनी भरलेला चिमुकला रेशमी झगा दाखवते व तुटलेल्या कड्याचा एक तुकडा देते. गेड काय करतो? तो त्यांना तिथून नेऊ पाहतो, म्हातारा नकार देतो, मग तो त्यांच्या मचूळ झऱ्यावर मंत्र टाकून पाणी गोड आणि अखंड करून निघतो. कथानकाच्या हिशेबाने हा प्रसंग वगळला तरी चालले असते असे वाटते. पण त्या तुकड्यावर दुसरे पुस्तक उभे आहे. मागून पाहताना कळते की सर्वांत मोलाची वस्तू गेडला कुठल्याही पराक्रमाने मिळाली नव्हती. ज्यांना देण्यासारखे काहीच नव्हते त्यांनी ती दिली होती.

एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असण्याचा संभव आहे, कारण लेखिकेने ती मुद्दाम हळूच सांगितली. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, वेच काळा आहे, आणि गोऱ्या कातडीचे कार्ग लोक हे गोष्टीच्या सुरुवातीला लुटायला येणारे परके आहेत. 1968 सालच्या अमेरिकेत किशोरांच्या अद्भुतकथेत हे करणे मोठे धाडस होते. वाचक गेडमध्ये गुंतला की मग त्याच्या लक्षात यावे, अशी लेखिकेची योजना होती. कित्येक मुखपृष्ठांनी त्याला गोरा केला, आणि 2004 साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतही तेच झाले, तेव्हा ल ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. त्या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या होत्या आणि आई थिओडोरा यांनी कॅलिफोर्नियातील ‘याही’ नावाच्या मूलनिवासी जमातीतल्या इशी या माणसाचे चरित्र लिहिले होते. माणसांचे समूह एकमेकांहून वेगळे कसे जगतात हे ज्या घरात रोजचे बोलणे होते, त्या घरातून आलेली लेखिका आपल्या बेटांना केवळ नकाशावरची नावे राहू देणार नव्हती. नकाशा मात्र तिने सर्वांत आधी काढला होता. तो उघडा ठेवून वाच. या मालिकेत अंतर हेच पुष्कळदा दुःखाचे कारण असते.

दुसऱ्या पुस्तकाला, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ला, मी थोडा जास्त वेळ देणार आहे. ते 1971 साली पुस्तकरूपाने आले आणि मला स्वतःला ते सहांतले सर्वांत परिपूर्ण वाटते. तुला धक्का बसेल तो असा की, गेड पुस्तकाच्या जवळजवळ मध्यापर्यंत येतच नाही. आपण कार्ग लोकांच्या देशात असतो, म्हणजे आधीच्या पुस्तकातल्या शत्रूच्या घरात. टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच घरातून आणून अनामिक काळोख्या शक्तींची मुख्य पुजारीण केलेले असते. तिचे नाव काढून घेतले जाते आणि तिला अर्हा, म्हणजे गिळली गेलेली, म्हणू लागतात. थडग्यांच्या खालच्या भुयारात दिवा न्यायला बंदी आहे. ती मुलगी काळोखात बोटांनी भिंती चाचपत, वळणे मोजत, तो भुलभुलैया पाठ करते, आणि तिचे सारे राज्य तेवढेच आहे. येथे सामर्थ्याचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. अर्हाला वाटते की आपण सर्वशक्तिमान आहोत. माणसे तिच्या शब्दावर मरतात. प्रत्यक्षात ती त्या ठिकाणची सर्वांत बंदिस्त व्यक्ती आहे. असल्या अधिकाराचे वर्णन इतक्या नेमकेपणाने मी फार कमी ठिकाणी वाचले आहे.

एके दिवशी त्या बंदी असलेल्या काळोखात तिला उजेड दिसतो. कुणीतरी चोर आत शिरला आहे. तो कोण हे तुला कळेलच; पण त्यानंतर काय होते याकडे लक्ष दे. भुयारात गेडचे सारे बळ ती भुताटकी थोपवून धरण्यात खर्च होते आहे, तो तहानेने मरणार आहे, त्याला पाणी पाजणे अथवा न पाजणे त्या मुलीच्या हाती आहे. तो तिला देऊ शकतो ते एकच, तिचे हिरावलेले नाव. त्याशिवाय तो तिला सोडवू शकत नाही, आणि ती त्याच्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. पुढे उघड्या आकाशाखाली आल्यावर टेनारला मोकळे वाटेल अशी आपली अपेक्षा असते. लेखिका आपल्याला दाखवते की स्वातंत्र्य हे तिला ओझे वाटते, तिला भीती वाटते, रडू येते, ज्याने सोडवले त्याचा जीव घ्यावा असेही एका क्षणी तिच्या मनात येते. गुलामीत वाढलेल्या माणसाला मोकळीक म्हणजे आधी उजाडपणाच वाटतो, हे किशोरांच्या पुस्तकात एवढ्या सरळपणे लिहिणाऱ्या लेखिकेने आपल्या वाचकांच्या वयाचा किती मान ठेवला होता हे तूच ठरव. ही पाने सावकाश वाच, आणि शक्य असेल तर मोठ्याने वाच. ल ग्विन यांचे गद्य कानासाठी लिहिलेले आहे. वाक्य कुठे थांबते हे डोळ्यांपेक्षा जिभेला लवकर समजते.

तिसऱ्या पुस्तकाविषयी मी थोडेच लिहितो. ‘द फार्देस्ट शोअर’ 1972 साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक पुरस्कार मुलांच्या साहित्यासाठी मिळाला. जगातून जादू आटत चालली आहे, गायक गाणी विसरत आहेत, रंगारी आपले रंग विसरत आहेत, आणि आता आर्चमेज, म्हणजे मांत्रिकांचा प्रमुख, झालेला गेड एरेन नावाच्या तरुण राजपुत्राला घेऊन कारण शोधायला निघतो. कुणीतरी मृत्यूवर मात करण्याचे आमिष पसरवले आहे आणि त्या आमिषाने जिवंत माणसांच्या हातातले जगणेच सुटत चालले आहे. मधला प्रवास काहीसा संथ आहे आणि संभाषणे अधूनमधून प्रवचनाच्या अंगाने जातात, हे मी मान्य करतो. पण तराफ्यांवर राहणाऱ्या, जमिनीला क्वचितच पाय लावणाऱ्या समुद्रमानवांचे प्रकरण आणि शेवटचा कोरड्या प्रदेशातला प्रवास यांसाठी ते वाचलेच पाहिजे. एरेन मधल्या काळात गेडवरचा विश्वास गमावतो. त्याचा राग करू नकोस. तू त्याच्याच वयाचा आहेस, आणि भीतीपोटी श्रद्धास्थानापासून तोंड फिरवणे कसे असते हे लेखिकेने त्याच्याकडून फार प्रामाणिकपणे वदवले आहे.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी मला तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटातली एक गोष्ट उघड करणे भाग आहे. जिवंत आणि मृत यांच्या जगांमध्ये पडलेली फट बुजवताना गेडचे सारे सामर्थ्य खर्ची पडते. इथे मालिका तीन पुस्तकांत पूर्ण झाली असे सर्वांनी मानले. तसे झाले असते तरी तिचे स्थान पक्के होते. अठरा वर्षे लोटली आणि 1990 साली ‘तेहानू’ आले.

अनेक वाचक या पुस्तकावर रागावले, आणि तूही कदाचित रागावशील. गेड घरी परततो तो कसलीही जादू नसलेला, लाजलेला, मिटलेला मध्यमवयीन माणूस म्हणून. भुलभुलैयातून बाहेर पडलेली टेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे, तिची मुले मोठी झाली आहेत, आणि तिने एका भाजलेल्या, छळलेल्या मुलीला सांभाळायला घेतले आहे. भांडी, शेळ्या, चूल, शेजार, आणि घराबाहेर टपून असलेला पुरुषी क्रूरपणा, एवढ्यातच बरेचसे पुस्तक चालते. पण पहिल्या पुस्तकाची सुरुवात आठव. गेडला पहिला मंत्र कुणी शिकवला? त्याच्या मावशीने, गावातल्या चेटकिणीने. आणि तिथेच लेखिकेने गाँटची एक म्हण नोंदवली होती, बायकांची जादू म्हणजे दुबळी आणि दुष्ट. रोकच्या शाळेत एकही स्त्री नाही, हे आपण सर्वांनी विनातक्रार वाचले. मावशी दुसऱ्या प्रकरणापर्यंत गोष्टीतून नाहीशी होते, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. ल ग्विन यांच्या ते लक्षात आले. पराक्रमाच्या कथांची परंपरा पुरुषांविषयीची होती आणि आपण तिच्या आत राहून लिहिले, हे त्यांनी 1992 साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात स्पष्ट मांडले. पण त्यांनी जुनी पुस्तके दुरुस्त केली नाहीत. एक शब्दही न पुसता, त्याच जगात, त्याच माणसांना वय वाढू देऊन, त्यांनी विचारले की, हे सामर्थ्य ज्यांना कधी दिलेच गेले नाही ते कसे जगले, आणि ज्याचे सामर्थ्य गेले तो सामर्थ्याशिवाय माणूस म्हणून उरतो की नाही.

एका यशस्वी लेखिकेने स्वतःच्या लाडक्या निर्मितीला असा प्रश्न विचारणे हे मला ओगियनने पावसात भिजण्याइतकेच मोठे वाटते. वाचकांना हवे होते ते पुन्हा देण्याची ताकद तिच्याकडे होती. गेडला नवा ड्रॅगन आणि नवे संकट देऊन तिला दहा पुस्तके लिहिता आली असती. तिने ती ताकद वापरली नाही. या मालिकेची ओढ मला आजही वाटते ती बहुतांशी या कारणाने : पुढचे प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकाशी प्रामाणिक आहे आणि तरीही त्याच्याशी वाद घालते.

मात्र ‘तेहानू’ वाचण्याआधी एक सूचना. त्या मुलीवर जे अत्याचार झाले आहेत ते पुस्तक तपशिलाने दाखवत नसले तरी लपवतही नाही, आणि शेवटाकडे टेनारच्या वाट्याला जे अपमान येतात ते वाचणे जड जाते. पहिली तीन पुस्तके सलग वाच. मग काही महिने जाऊ दे. घाईने चौथे हाती घेतलेस तर तुला फक्त गेडची पडझड दिसेल. मध्ये वेळ गेला तर टेनार दिसेल, आणि ते पुस्तक तिचे आहे.

‘तेहानू’च्या मुखपृष्ठावर ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे छापले होते. ते शेवटचे ठरले नाही. 2001 साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह आणि ‘द अदर विंड’ ही कादंबरी, अशी दोन पुस्तके आली. कथासंग्रह वगळून थेट कादंबरीकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो. तू तसे करू नकोस. रोकची शाळा मुळात कुणी स्थापन केली आणि तीत स्त्रियांचे स्थान काय होते, हे त्यातली ‘द फाइंडर’ ही दीर्घ कथा सांगते, आणि ती वाचल्यावर पहिल्या पुस्तकातली ती भव्य शाळा तुला वेगळी दिसू लागेल. ‘द बोन्स ऑफ द अर्थ’ ही छोटी कथा गाँटच्या त्या भूकंपाची आहे. ओगियनने भूकंप शांत केला असे आपण तीस वर्षे मानत आलो. त्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या गुरूने काय केले होते हे या कथेत कळते, आणि ओगियन इतका मुका का झाला असेल याचा अंदाजही येतो. माझ्या मते संग्रहातली ही सर्वोत्तम कथा आहे. ‘ड्रॅगनफ्लाय’ ही शेवटची कथा रोकच्या दारावर येऊन उभ्या राहिलेल्या एका तरुणीची आहे, आणि ती ‘तेहानू’ व ‘द अदर विंड’ यांना जोडते. तिच्याविना शेवटच्या कादंबरीत एक पात्र अचानक आल्यासारखे वाटेल.

‘द अदर विंड’विषयी मी काही फोडत नाही. तिचा नायक अल्डर हा फुटलेली भांडी सांधणारा साधा मांत्रिक आहे, आणि तिसऱ्या पुस्तकातला मृतांचा कोरडा प्रदेश मुळात तसा का आहे, हा प्रश्न ती विचारते. म्हणजे लेखिका पुन्हा एकदा स्वतःच्याच एका गृहीतकाकडे वळते, आणि या वेळी ते गृहीतक गेडच्याही जगाच्या पायात होते. ल ग्विन 2018 च्या जानेवारीत वारल्या. त्याच वर्षी सगळी पुस्तके एकत्र करून चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह एक मोठा ग्रंथ निघाला. त्यात ‘फायरलाइट’ नावाची गेडच्या अखेरच्या दिवसांची एक छोटी कथाही आहे, ती सर्वांत शेवटीच वाच. चित्रकाराने गेडचा वर्ण लेखिकेने लिहिला तसाच रंगवला आहे. तो ग्रंथ वजनाला भारी आहे आणि हातात धरून वाचायला अवघड जातो, म्हणून सुट्या प्रती मिळाल्या तर आधी त्या घे. ‘अटुआन’ वाचून झाले की मला लिही, आणि टेनारने गेडला पाणी का पाजले असावे याविषयी तुला काय वाटते तेही कळव. त्यावर माझे मत मी अजून कागदावर उतरवलेले नाही, आधी तुझे वाचायचे आहे.

तुझा शुभचिंतक